फ्लॉइड रोझ ब्रिजची गिटार घ्यावी का?
ट्यूनिंग वारंवार बदलत असाल तर घेऊ नका. हा ब्रिज, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा धरणारा हलता भाग, तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांची ओढ यांच्या तोलावर तरंगतो. ड्रॉप डीसाठी, म्हणजे सर्वांत जाड सहावी तार डी स्वरावर आणायला, ती उतरवली की बाकीच्या पाच चढतात. तार तुटली तरी तेच, चालू गाणं तिथेच बेसूर होतं.

दुकानात नटचे (मानेच्या टोकाकडे तारा जिथून जातात त्या पट्टीचे) क्लॅम्प घट्ट असताना ब्रिजचा दांडा, म्हणजे बार, पूर्ण दाबून तारा सैल करा, सोडा आणि ट्यूनर बघा. स्वर जागेवर येत नसेल तर गिटारच्या अंगात रोवलेल्या दोन खुंट्यांना टेकणारी ब्रिजची धार न्याहाळा. बोथट किंवा खाचलेली असेल तर सौदा सोडाच. सेटिंग करून ती सुधारत नाही.

डाइव्ह-बॉम्ब (बार दाबून स्वर एकदम खोल नेणं) मनापासून वाजवायचे असतील तर मात्र यासारखा ब्रिज नाही. क्लॅम्प उघडायला ३ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) सोबत मागून घ्या.