हापूसच्या पानांची रोजच्या पडताळणीची भुकटी

आमच्या रत्नागिरीकडच्या प्रयोगशाळेत बागायतदार आंब्याची पानं घेऊन येतात आणि आम्ही दिलेल्या आकड्यांवरून कलमांना खत किती घालायचं ते ठरवतात. आजचा आकडा भरवशाचा आहे का, हे कळायला नमुन्यांच्या रांगेत ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असं एक ओळखीचं पान हवंच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची प्रमाणित पानं, सफरचंदाची 1515 आणि पीचची 1547, आम्ही ठेवतो, पण ती महाग. रोज खर्चायची नाहीत. रोजच्यासाठी भुकटी आपणच करायची.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आठ-दहा किलो ओली पानं काढा. झाड फवारलेलं नसावं. मॅन्कोझेब या बुरशीनाशकातून मँगनीज आणि जस्त येतं, बोर्डो मिश्रणातून तांबं. रस्त्याकडेचं झाडही नको. माझी पहिली खेप सड्यावरच्या (जांभ्याच्या माळावरच्या) रस्त्यालगतच्या कलमांची होती. धुतलेली पानं स्वच्छ दिसत होती, पण मधल्या शिरेच्या खाचेत जांभ्याची तांबडी धूळ बसून राहिली होती. लोहाचा आकडा बाटलीगणिक बदलला आणि सगळी खेप टाकून द्यावी लागली.

म्हणून आता एकेक पान खाचेतून बोट फिरवून धुते: आधी नळाखाली, मग साबणाच्या अगदी सौम्य द्रावणात, मग विरल हायड्रोक्लोरिक आम्लात, शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यात. किनाऱ्यालगतच्या बागेत पानांवर खारं बसतं, तेही यात निघतं. पानं भिजत मात्र ठेवू नका, पोटॅश पाण्यात उतरतं. पावडर लावलेले हातमोजे टाळा, त्यात जस्त असू शकतं. धुतलेली पानं पंख्याखाली निथळवून ओव्हनमध्ये 65 ते 70 अंशांवर दोन दिवस, हातात चुरचुर होईपर्यंत वाळवा.

खरी मेहनत दळण्यात आहे. पातं चटकन पीठ होतं, शिरा आणि देठ मात्र चाळणीवर काड्यांसारखे उरतात. ते फेकायचा मोह होतो. फेकू नका! शिरेतल्या पोषकद्रव्यांचं प्रमाण पात्यापेक्षा वेगळं असतं, त्यामुळे काड्या टाकल्या की पानाची रचनाच बदलते. पुन्हा दळा, पुन्हा चाळा, सगळं 0.5 मिलिमीटरच्या चाळणीतून जाईपर्यंत. चाळणी नायलॉनची घ्या. पितळेची तांबं आणि जस्त देते. स्टीलच्या पात्यांनी थोडं लोह वाढतं, पण ते सगळ्या भुकटीत सारखं मिसळलं तर रोजच्या तुलनेला बाधा येत नाही.

मग सगळी भुकटी एकाच झाकणाच्या पिंपात घालून निदान तासभर गडगडवा आणि लगेच 50-50 ग्रॅमच्या बाटल्या भरा. भरल्या क्रमाने बाटल्यांवर नंबर टाका. जड कण तळाशी बसले असतील तर ते या क्रमावरून कळतं.

आता पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पसरलेल्या दहा बाटल्या निवडा. प्रत्येकीतून दोन भाग तोलून घ्या आणि क्रम विस्कटून एकाच दिवशी पृथक्करण करा. बाटल्या-बाटल्यांमधला फरक एकाच बाटलीतल्या दोन भागांच्या आकड्यांतल्या फरकाएवढाच असेल तर खेप पास. नाहीतर पुन्हा मिसळा.

त्यानंतर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी, प्रमाणित पान सोबत ठेवून या भुकटीचे वीस आकडे जमवा. एका दिवसातले वीस चालणार नाहीत, कारण दिवसागणिक होणारा फरकच त्यात येत नाही. सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) काढून तक्ता आखा: दोन विचलनांवर इशाऱ्याची रेघ, तीनवर थांबण्याची. थांबण्याची रेघ ओलांडली की त्या दिवसाचा एकही अहवाल बाहेर जाऊ देत नाही.

ओलावा दर वेळी वेगळ्या भागावर 105 अंशांवर काढा आणि आकडे कोरड्या वजनावर मांडा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे उघडी बाटली पाहता पाहता ओल धरते, म्हणून वजन झालं की झाकण घट्ट लावून बाटली लगेच डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवते.

पाच-सहा बाटल्या उरल्या की नवी खेप करायला घ्या. निदान वीस दिवस दोन्ही भुकट्या शेजारी शेजारी चालवा आणि मगच जुनी बंद करा.