कुत्र्याच्या पुळ्या परत परत येतायत? तिसरी गोळी सुरू करण्याआधी कल्चर करून घ्या

आमच्या कुत्रीच्या पोटावर पुळ्या आल्या, एक अँटिबायोटिक झालं, बरं वाटलं, दहा दिवसांत परत आल्या, मग दुसरं दिलं, परत तेच. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी गोळी लिहिलीच नाही, आधी कल्चर करू म्हणाले (म्हणजे पू लॅबमध्ये वाढवून कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं औषध चालतं ते बघायचं), आणि रिपोर्टमध्ये निघाला एमआरएसपी, बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू. तेव्हा जे शिकलो ते सांगतोय, कारण हे सुरुवातीलाच कळलं असतं तर तिचे खूप हाल वाचले असते.

कुत्र्यांच्या कातडीवर जो स्टॅफ जातीचा जंतू नेहमीच राहतो त्याचं नाव स्यूडइंटरमीडियस, माणसाचा तो ऑरियस. ऑरियस मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्या खानदानातलं एक अँटिबायोटिक) जुमानत नसेल तर एमआरएसए आणि कुत्र्याचा जुमानत नसेल तर एमआरएसपी. दोघांकडे बहुतेक वेळा मेक-ए नावाचा जीन असतो, त्यामुळे पेनिसिलिनच्या अख्ख्या खानदानातलं औषध जिथे चिकटायला हवं तिथे चिकटतच नाही.

सँपल घेताना काळजी घ्या. त्या दिवशी आंघोळ घालू नका, पुळीवर स्पिरिट लावू नका, ताजी न फुटलेली पुळी सापडली तर उत्तम, डॉक्टर ती निर्जंतुक सुईने टोचून आतला पू स्वॅबवर (कापसाच्या निर्जंतुक काडीवर) घेतात. पुळी नसेल तर गोल चट्ट्याच्या कडेला जी साल सुटलेली असते तिच्याखालून. आधी कुठल्या गोळ्या झाल्या, शेवटची कधी दिली, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधापुढे एस (चालतं), आय (मधलं) किंवा आर (चालत नाही) असतं. पहिल्यांदा ऑक्सासिलिन बघा, तेही पेनिसिलिनच्याच खानदानातलं. तिथे आर असेल तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, सेफॅलेक्सिन वगैरे सगळं बाद समजायचं, खाली एखाद्यापुढे एस छापलेलं असलं तरी. स्यूडइंटरमीडियससाठी सेफॉक्सिटिन नावाच्या दुसऱ्या औषधाच्या टेस्टवर विसंबता येत नाही, म्हणून लॅबने ऑक्सासिलिन लावलंय का हे विचाराच.

आता खरं काम, आंघोळ! वरवरच्या इन्फेक्शनमध्ये बऱ्याचदा गोळीशिवाय, नुसत्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या शांपूने भागतं, पण फेस लावून १० मिनिटं तसाच ठेवायला लागतो आणि लोक इथेच चुकतात, दोन मिनिटांत धुवून टाकतात. मी घड्याळ लावून बसायचो, ती थरथरत माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहायची, आठवड्यातून तीनदा. डोळ्यात आणि कानात फेस जाऊ देऊ नका, कानाच्या आत क्लोरहेक्सिडिन गेलं तर ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो. आणि हा जंतू सहसा मुळातल्या ॲलर्जीचा किंवा पिसवांचा फायदा घेतो, ते कारण शोधलं नाही तर सगळं परत येणार.

घरात घाबरून जनावर सोडून देऊ नका प्लीज. हात धुवा, तिचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, तोंड चाटू देऊ नका, स्वतःची जखम झाकून ठेवा. घरात नुकतं ऑपरेशन झालेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. एमआरएसए तर कित्येकदा माणसाकडूनच कुत्र्यामांजराला गेलेला असतो, म्हणजे दोष त्या बिचाऱ्याचा नाही.

जखमी जंगली प्राणी उचलणाऱ्यांनी हे खास वाचा. युरोपातल्या हेजहॉगवर (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) काम झालंय, २०२२ मध्ये छापून आलं, त्यांच्या कातडीवरची एक बुरशी स्वतःच पेनिसिलिनसारखं रसायन बनवते, त्यामुळे तिथल्या स्टॅफमध्ये मेक-सी हा मेक-ए सारखाच जीन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच टिकून आहे, म्हणजे मेथिसिलिन १९५९ ला आलं त्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे हा जंगलात राहणारा प्राणी आहे, याने कधी औषध बघितलं नाही, मग याच्याकडे असलं काही नसणार, असं धरून चालू नका. ग्लोव्हज घाला, त्याची भांडी, टॉवेल, पिंजरा घरच्या जनावरांपासून वेगळा ठेवा, पिंजऱ्यातली घाण आधी साबणाने काढा आणि मगच जंतुनाशक मारा, कारण घाणीवर ते नीट चालत नाही. घरात उरलेली अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप त्याला अंदाजाने कुस्करून देऊ नका, आणि त्याच्या जखमेतून पू येत असेल तर स्वॅब तिथेही आधीच घ्यायला सांगा.