अभ्यास घेताय ना? मग आधी खोडरबर बाजूला ठेवा

पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेताना आपण जवळजवळ सगळेच एक गोष्ट करतो, उत्तर चुकलं की लगेच "पूस, परत कर". मीपण वर्षभर लेकीसोबत हेच केलं आणि तीच चूक दुसऱ्या दिवशी परत हजर.

मग एकदा तिने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं तेव्हा मी नुसतं विचारलं, "हे कसं केलंस गं, मला सांग ना." तर म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घालवले." म्हणजे निष्काळजीपणा नव्हताच, तिने स्वतःचा एक नियम बनवला होता आणि तो प्रत्येक गणिताला अगदी मनापासून लावत होती, आता अशा मुलीला "नीट लक्ष दे" सांगून काय होणार? ही चूक खूप मुलं करतात. यावर वहीत समजावत बसू नका, काड्या घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या, आणि सांगा यातून २७ काढून दे. सात सुट्या द्यायला एक गठ्ठा सोडावाच लागतो, तो मुलाला स्वतःच्या हाताने सोडू द्या. दशक सुटा करणं म्हणजे काय ते तिथेच कळतं. आठवडाभर काड्या, मग काड्यांचं चित्र काढून, आणि मग नुसते आकडे. घाई केलीत तर परत पहिल्यापासून.

असंच बेचाळीस सांगितलं की २४ लिहिणं. यात मुलाची काय चूक, आपण मराठीत आधी "बे" म्हणतो आणि मग "चाळीस", ते ऐकतं त्या क्रमाने लिहितं. तेव्हा थोडे दिवस "चार दशक दोन, बेचाळीस" असं दोन्ही म्हणा.

वाचनात पण हेच. मूल जोडाक्षराला अडखळलं की आपण पटकन शब्द सांगून मोकळे होतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा, बऱ्याचदा ते स्वतःच जुळवतं, नाहीच जमलं तर सांगा आणि पुढे जाऊ द्या, प्रत्येक शब्दाला थांबवलं तर गोष्टीची मजाच जाते. वाचून झालं की "काय शिकलास?" असलं परीक्षेसारखं विचारू नका, "तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?" असं विचारा, बोलायला लागतात. आणि मुलाला वाचता यायला लागलं म्हणून तुम्ही वाचून दाखवणं बंद करू नका प्लीज, जी पुस्तकं त्याला अजून वाचायला जड जातात ती ऐकताना छान समजतात, नवीन शब्द तिथूनच मिळतात.

पाढे एका रविवारी शंभरदा घोकून घेण्यापेक्षा रोज पाच मिनिटं, तेही उलटसुलट. हे काही नवीन नाही, हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर जास्त टिकतं. फक्त उजळणी म्हणजे परत वाचणं नाही हां, वही बंद करून आठवणं.

वेळ किती? इयत्तेमागे साधारण १० मिनिटं हा ठोकताळा मला पटतो, म्हणजे दुसरीला २०. रडारड सुरू झाली की त्या दिवशी थांबायचं. झोप मात्र कापू नका, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागते.

एक वेगळी वही ठेवा, त्यात चुकलेलं उत्तर न पुसता तसंच आणि बाजूला मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, शिक्षकांना भेटाल तेव्हा ही दाखवा, "गणितात कच्चा आहे" यापेक्षा त्यातून त्यांना खूप जास्त कळतं. आणि फळ्यावरचं उतरवताना सतत चुका होत असतील, पुस्तक डोळ्याजवळ धरत असेल किंवा सांगितलेलं दोन-दोनदा विचारत असेल तर अभ्यास राहू द्या बाजूला, आधी डोळे आणि कान तपासून घ्या.