पॉवरपॉइंटमध्ये फोटो हळूहळू जवळ आणायचा असेल तर

नुसते फोटो एकामागून एक लावले की शो निर्जीव वाटतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे मॉर्फ, म्हणजे एका स्लाइडवरचा फोटो पुढच्या स्लाइडवरच्या आकारात हळूहळू बदलत नेणारं ट्रान्झिशन (२०१९ किंवा त्यानंतरची, नाहीतर ३६५ आवृत्ती हवी).

फोटोची स्लाइड निवडून कंट्रोल-डी दाबा. दुसऱ्या प्रतीतला फोटो कोपऱ्यातून ओढून ८-१० टक्के मोठा करा. कडा स्लाइडबाहेर गेल्या तरी चालतात. त्याहून मोठा केला की बघणाऱ्याला गरगरतं. चेहरा चौकटीतच राहील इतका फोटो सरकवा. या दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ, ५ सेकंद. पहिलीला फेड (स्लाइड हळूहळू उमटते), १ सेकंद. दोन्हींना ‘आफ्टर’मध्ये ०, म्हणजे क्लिकची वाट बघणार नाही.

आता हिशेब. एका फोटोला ६ सेकंद लागतात, म्हणून साडेतीन मिनिटांच्या गाण्यात ३५ फोटो बसतात. लग्नाचे दीडशे फोटो कोंबायचा मोह आवरा.

गाण्याला ‘प्ले इन बॅकग्राउंड’ द्या, पण त्याने लूप (गाणं पुन्हा पुन्हा वाजणं) आपोआप चालू होतो, तो काढा. फेड आउट (आवाज हळूहळू कमी होणं) गाण्याच्या शेवटी लागतो, शोच्या नाही. शो आधी संपला तर गाणं खाडकन तुटतं, म्हणून ‘ट्रिम ऑडिओ’ने ते शोइतकंच कापा, मग ३ सेकंद फेड आउट द्या.