स्टेअरिंग वाकडं, की खाली काही सरकलंय?

पुतण्या वाशीला गूळ उतरवून रिकामा ट्रक घेऊन परत येत होता. खंबाटकी घाट उतरला आणि पहाटे पाचला त्याचा फोन: "काका, गाडी सरळ चाललीय, पण स्टेअरिंग साडेबारावर आहे."

आमच्या घरात स्टेअरिंग घड्याळावर सांगतात. वरचा मध्य म्हणजे बारा. तो मध्य तासकाट्यासारखा साडेबारावर गेला म्हणजे उजवीकडे १५ अंश. एकवर गेला म्हणजे ३०. फोनवर "थोडं वाकडं" ऐकून काही कळत नाही, घड्याळ सांगितलं की कळतं.

सुरूर फाट्याजवळ एक मिस्त्री म्हणे तयारच होता. मधला नट खोलायचा, स्टेअरिंग उपसायचं, शाफ्टवर दोन दाते फिरवून परत बसवायचं. दहा मिनिटांचं काम. मी पुतण्याला म्हटलं, त्याला स्टेअरिंगला हात लावू देऊ नकोस. टॉर्च घे, गाडीखाली वाक आणि पुढच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट बघ, तेच ॲक्सलला पाट्यांशी आवळून धरतात. पाच मिनिटांनी परत फोन. क्लीनर साइडचे, म्हणजे डावीकडचे, दोन नट हाताने फिरत होते आणि पाट्याच्या बैठकीवर गंजाची जुनी रेघ एकीकडे, ॲक्सल दुसरीकडे. गाडी तिथेच ठेवायला सांगितली आणि कराडहून पहिली एसटी धरली.

तिथे गेल्यावर आधी टेप लावला. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, पुढची चाकं सरळ ठेवून. क्लीनर साइडला जवळजवळ एक इंच कमी भरलं. ॲक्सलला पाट्यावर जागेवर धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता आणि त्या बाजूचा ॲक्सल मागे सरकला होता. ॲक्सलच तिरका झाला की गाडी डावीकडे जाऊ बघते, आणि तिला सरळ ठेवायला ड्रायव्हर नकळत स्टेअरिंग उजवीकडे धरून बसतो. नवा सेंटर बोल्ट टाकला, ॲक्सल जागेवर आणला, यू-बोल्ट आवळले. स्टेअरिंग आपोआप बारावर आलं. दात फिरवून दिला असता तर स्टेअरिंग दिसायला छान सरळ आणि खाली सुटा ॲक्सल, असा पोरगा घरापर्यंत आला असता. चूक आमचीच होती. दोन महिन्यांपूर्वी पाटे बांधून घेतले, पण गाडी भरून चालल्यावर यू-बोल्ट परत आवळायचे राहिले.

म्हणून स्टेअरिंग वाकडं दिसलं की मी पाना नंतर उचलतो, आधी खाली काय हललं ते शोधतो. आमची सहाचाकी आहे, पुढे एकसंध ॲक्सल आणि पाटे. खालचं सगळं अशाच गाडीला धरून आहे. पुढे सुटं सस्पेन्शन असलेल्या पिकअपचं गणित वेगळं.

आधी रस्त्यावर बघा. स्टेअरिंगच्या वरच्या मध्यावर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. सपाट, सरळ, मोकळा रस्ता निवडा आणि ताशी ४० च्या आसपास चालवा. आपले रस्ते पाणी वाहून जायला कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी जराशी डावीकडे जाणारच. तेवढ्यासाठी स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागलं तर तो दोष नाही. रस्त्याचा उतार कमी आहे अशी जागा मिळाली तर खरं काय ते कळतं.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा. स्टेअरिंग वाकडं आहे पण गाडी सरळ जाते, हा एक प्रकार. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की गाडी एका बाजूला ओढते, हा दुसरा. ओढत असेल तर ड्रॅग लिंकला (स्टेअरिंग बॉक्सकडून पुढच्या चाकाकडे जाणारा दांडा) हात लावू नका. थंड टायरमध्ये दोन्ही पुढच्या चाकांची हवा सारखी आहे का बघा. पाच-दहा किलोमीटर चालवून थांबा आणि तळहात ब्रेक ड्रमच्या जवळ न्या (लावू नका, सालटं निघेल). एक ड्रम दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला तर तिथला ब्रेक धरून बसतोय. तेही ठीक असेल तर पुढचे दोन टायर अदलाबदल करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. या एका युक्तीने माझे दोनदा अलाइनमेंटचे पैसे वाचलेत.

मागचा ॲक्सल तिरका असेल तरी स्टेअरिंग वाकडं येतं. ओल्या पट्ट्यावरून गाडी सरळ न्या, उतरा आणि ठसे बघा. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांच्या दोन्ही बाजूंना सारखे पडले पाहिजेत. एका बाजूला जास्त बाहेर दिसले तर गाडी खेकड्यासारखी चाललीय. तो आजार मागच्या पाट्यांत शोधायचा.

मग खाली झोपून बघायची पाळी. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे, गाडी न्यूट्रलला. वर एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, फक्त चार बोटं. खालचा माणूस चाकांच्या मागे-पुढे नाही, बाजूला. बॉल जॉइंटमध्ये हलतं का, ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा, ड्रॅग लिंकला ढकलणारा हात) स्वतःच्या शाफ्टवर हलतो का, स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट ढिले आहेत का, सगळं डोळ्याने दिसतं. नंतर इंजिन बंद करून ॲक्सल जॅकवर उचला, खाली घोडी (स्टँड) लावा आणि चाक वर-खाली टॉमीने (लोखंडी सळईने) हलवून किंगपिन, म्हणजे चाक ज्या पिनवर वळतं ती, बघा. हे झिजलेलं ठेवून स्टेअरिंग सरळ करणं म्हणजे पैसे घालवणं. आज सरळ केलेलं पंधरा दिवसांत परत वाकडं.

हे सगळं पक्कं निघालं, आणि कुणी अलीकडे ड्रॅग लिंकचा जॉइंट बदलला असेल किंवा टाय रॉडवर (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) टो, म्हणजे चाकांचा पुढून आत-बाहेरचा कल, करून दिला असेल, तर मग ड्रॅग लिंक. टोचं का, ते सांगतो. ड्रॅग लिंक ड्रायव्हर साइडच्या चाकाला धरून असते, क्लीनर साइडचं चाक टाय रॉडमागून येतं. टाय रॉड लांब-आखूड केला की क्लीनर साइडचं चाक फिरतं, पण गाडी चालायला लागली की दोन्ही चाकं तो फरक निम्मा निम्मा वाटून घेतात. त्यात स्टेअरिंगही थोडं हलतं. म्हणून टो आधी, ड्रॅग लिंक शेवटी. उलट क्रमाने केलं तर काम दोनदा.

स्टेअरिंग बॉक्सचा स्वतःचा एक मध्य असतो, आणि सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. बॉक्सच्या आतले दाते बरोबर मध्यावर सगळ्यात घट्ट बसतात, कडेला गेलं की जरा सैल. गाडी सरळ चालताना बॉक्स मध्यावर नसेल तर हायवेवर स्टेअरिंगमध्ये खेळ जाणवतो, आणि एका बाजूला कट कमी बसतो. मार्केट यार्डात एका दमात वळणारी गाडी दोनदा मागे-पुढे करावी लागली तर आधी हाच संशय घ्या. स्टेअरिंग उपसून दात फिरवल्याने यातलं काहीच सुधारत नाही, फक्त दिसेनासं होतं.

तर बॉक्सचा मध्य काढा. गाडी सपाट जागेवर, पुढचा ॲक्सल घोडीवर, मागच्या चाकांना ठोकळे, इंजिन बंद. ड्रॉप आर्मच्या बाजूची स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा आणि पुलर लावून जॉइंट सोडवा. घन घालून ड्रॉप आर्म ठोकायचा नाही, गॅसने तापवायचा तर अजिबात नाही. मग स्टेअरिंग हळूच एका टोकापर्यंत न्या आणि दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा. समजा साडेपाच आले, तर टोकापासून पावणेतीन फेरे परत. तो मध्य. इथे टेपचा तुकडा बारावर दिसला तर स्टेअरिंग त्याच्या जागी बरोबर आहे, गडबड लिंकच्या लांबीत. मध्यावर असूनही टेप बारावर नसेल तर तुमच्या आधी कुणीतरी दात फिरवून गेलाय. स्टेअरिंग उपसायचा अधिकार फक्त या एकाच वेळी. ड्रॉप आर्म आधी कधी काढला असेल तर तो शाफ्टवर खुणेला खूण लावून बसलाय का, तेही आत्ताच बघून घ्या.

आता पुढची चाकं सरळ करा. आम्ही चेसिसला समांतर, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन दोऱ्या ताणतो आणि पुढच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजतो. टोमुळे पुढच्या आणि मागच्या कडेत बारीक फरक येईल, तो दोन्ही बाजूंना सारखा आला की चाकं सरळ.

बॉक्स मध्यावर, चाकं सरळ, आणि लिंकचा जॉइंट ड्रॉप आर्मच्या भोकाच्या समोर. तो न ढकलता बसला पाहिजे. बसत नसेल तर जेवढा फरक तेवढी लिंक लांब किंवा आखूड. काही गाड्यांना मधली नळी फिरवायची असते, तिच्या एका टोकाला उलटे आटे असतात. काहींना टोकाचा जॉइंट आत-बाहेर करायचा असतो. काहींची लिंक ठरावीक लांबीचीच असते. तशी असेल तर फरक लिंकने काढू नका, काय वाकलंय ते शोधा. लिंक, ड्रॉप आर्म वाकलं असेल तर नवीनच टाका. सरळ करणं, वेल्डिंग करणं यात पडू नका.

किती फिरवायचं याचा अंदाज असा लावतो. बॉक्सचं प्रमाण साधारण २० ला १ धरा, ड्रॉप आर्म २०० मिलिमीटरचा. स्टेअरिंग ३० अंश वाकडं म्हणजे ड्रॉप आर्म दीड अंश, म्हणजे टोकाला पाच मिलिमीटरच्या जरा वर. नळीच्या दोन्ही टोकांना दीड मिलिमीटरचे आटे असतील तर एका फेऱ्यात लांबी तीन मिलिमीटर बदलते, म्हणजे पावणेदोन फेरे. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण पाच-सहा फेरे लागायला लागले तर थांबा. तेवढा फरक लांबीने पडत नाही, काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय.

गंजलेली नळी आदल्या रात्री डिझेलमध्ये भिजवून ठेवा आणि सकाळी पाइप पान्याने फिरवा. फिरवण्याआधी जुन्या जागेवर खडूची खूण करा, फेरा चुकला तर परत जाता येतं.

बांधताना घाई नको. दोन्ही टोकांना आटे आत पुरेसे गेलेले हवेत, अर्धवट अडकलेली नळी कधीतरी सुटते. दोन्ही जॉइंट एकमेकांना सरळ आहेत, एक तिरका अडकलेला नाही, हे हाताने लिंक डोलवून बघा. क्लॅम्पचे बोल्ट आवळा. नट पुस्तकातल्या मापाने आवळा आणि स्प्लिट पिनचं भोक समोर येत नसेल तर पुढे आवळून आणा, मागे सोडून नाही. पिन नवीन. जुनी पिन सरळ करून परत घालणारे मी बघितलेत, त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

खाली उतरवल्यावर दोन्हीकडे पूर्ण कट मारून बघा. लिंक टायरला किंवा पाट्याला घासते का, ॲक्सलवरचा स्टॉपर बोल्ट दोन्हीकडे टेकतो का. मग परत त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, टेपवर नजर.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माल भरला की पाटे दबतात, ॲक्सल आणि ड्रॉप आर्म यांच्यातलं अंतर बदलतं आणि स्टेअरिंग किंचित फिरतं. रिकाम्या गाडीत बरोबर बारावर लावलेलं भरल्यावर बाराच्या जरा इकडे-तिकडे दिसतं. आमची गाडी बहुतेक वेळ भरलेली असते, म्हणून मी शेवटची चाचणी गूळ भरल्यावरच घेतो आणि पाव फेऱ्याची दुरुस्ती तेव्हा करतो. रिकामी परतताना ते थोडं वाकडं दिसतं. पुतण्याला ते खटकतं, मला नाही.

पाटे किंवा यू-बोल्ट उघडले असतील तर भरलेली गाडी तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट परत आवळा. आता आम्ही ती तारीख डॅशबोर्डवर खडूने लिहितो. आवळून झालं की पुसायची, त्याच्या आधी नाही.