मुलांसकट भूमध्य समुद्रातली क्रूझ: निघण्याआधीची तयारी

तयारी बॅगेपासून सुरू करू नका, क्रूझच्या वेळापत्रकापासून करा. त्यात चारच रकाने असतात: दिवस, बंदर, आगमन, प्रस्थान. व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा, बाबागाडी न्यायची का, जेवणाची वेळ कोणती घ्यायची, हे सगळं त्या चार रकान्यांवर ठरतं. पैसे भरण्याआधी तो कागद छापून घ्या आणि पेन घेऊन बसा.

आधी बंदरांची खरी नावं शोधा. जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, ट्रेनने तासभर किंवा जास्तच. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेत्सिया. ‘व्हेनिस’चा घोळ सगळ्यांत मोठा: १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे जहाज मार्गेरा, ट्रिएस्टे किंवा थेट राव्हेनाला लागतं, आणि राव्हेनाहून व्हेनिस जवळजवळ दीडशे किलोमीटर. सात-आठ वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर आठवड्यात अशी लांबची बंदरं दोनपेक्षा जास्त नकोत. त्यापेक्षा बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा अशी पश्चिमेची फेरी बरी. जेनोआ, मेसिना आणि व्हॅलेटाला जहाजातून उतरून चालतच गावात जाता येतं. जेनोआचं मत्स्यालय धक्क्यापासून पायी गाठता येतं. मेसिनाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरावर दुपारी बाराला सिंह गरजतो, कोंबडा आरवतो, आणि त्याला तिकीट नाही. व्हॅलेटाला धक्क्याजवळून वर जायला बराक्का लिफ्ट आहे, ५८ मीटर चढ वाचतो. वर बारा आणि चार वाजता तोफ उडते, लहानग्यांचे कान आधीच झाका. मार्सेयला मात्र क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब आहे. तिथे शटल बसचे पैसे धरूनच चाला.

आता व्हिसा. सगळी बंदरं शेंगेनमधली, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपियन देशांच्या गटातली, असली तरी अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे दिवस मोजून ठरतं: जिथे मुक्काम जास्त, तिथे. वरच्या फेरीत इटलीचे तीन दिवस (जेनोआ, नेपल्स, मेसिना) भरतात, पण जहाजाच्या आधी बार्सिलोनात दोन रात्री हॉटेल घेतलं की पारडं स्पेनकडे झुकतं. बरोबरी झाली तर ज्या देशातून आधी आत शिरता, तो देश. फेरीत कुशादासी, इस्तंबूल, कोटोर किंवा ट्युनिस असेल तर तिथे जहाज शेंगेनच्या बाहेर जातं. मग एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, मल्टिपल एंट्रीच मागावा लागतो, आणि त्या देशाचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिकचा आता तो प्रश्न उरला नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच हात घाला. मार्च-एप्रिलमध्ये अख्ख्या महाराष्ट्राला अपॉइंटमेंट हवी असते. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाखाली शून्य. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सेवा आकार वेगळा. बाराखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत. इथेच बरेच जण अडकतात, कारण लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि आई-बाबांचा दहा वर्षांचा बघून सगळे निर्धास्त असतात. आज रात्रीच कपाट उघडून तारीख बघा. मुलांच्या अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात. एकच पालक किंवा आजी-आजोबा नेणार असतील तर न येणाऱ्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, आणि आईचं नाव दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही.

विमा किमान ३०,००० युरोचा, ही व्हिसाची अट. पण व्हिसापुरती स्वस्त पॉलिसी घेऊन थांबू नका. जहाजावरचा दवाखाना खाजगी असतो आणि बिल तिथल्या तिथे तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं. पॉलिसीत क्रूझ आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च शब्दात लिहिलेला आहे का, ते वाचा.

विमानाने जहाज सुटायच्या आदल्या दिवशी तरी पोचा. त्याच सकाळी उतरायचा बेत म्हणजे जुगार: आखातातलं जोडविमान चुकलं की जहाज थांबत नाही, चढायची मुदत सुटण्याच्या तास-दीड तास आधीच संपते. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांची नवीन नोंदणी सुरू झाली आहे. तिथे मुलांचेही फोटो काढतात, म्हणून रांगेला वेळ धरा. मे महिन्यात बार्सिलोनाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. सातला उठणारं मूल पहिले दोन दिवस पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं, आणि रात्री साडेआठच्या जेवणाला त्याच्या पोटात मध्यरात्र झालेली असते. बुकिंग करतानाच पहिली पंगत मागून घ्या, साधारण सहा-सातची. ती लवकर भरते.

केबिनमध्ये चौघं म्हणजे दोन पलंग खाली, दोन भिंतीतून किंवा छतातून उघडणारे वर. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. पाळणा आधी सांगितला तरच मिळतो, मोजकेच असतात. जहाज डुलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, म्हणून मधली आणि खालची केबिन घ्या. बाल्कनीचा मोह असेल तर पहिल्याच दिवशी तिथल्या खुर्च्या कठड्यापासून दूर सरकवा आणि दाराची कडी मुलाच्या हाताला लागते का ते बघा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत. मुलांचा क्लब बहुधा तीन वर्षांपासून आणि डायपर सुटलेलं असेल तरच. डायपरमधल्या बाळाला मुख्य पूलमध्ये बहुतेक जहाजांवर सोडत नाहीत, स्विम डायपर घातला तरी नाही. अडीच वर्षांच्या मुलासाठी स्लाइड आणि पूल बघून जहाज निवडलं आणि पोरगं काठावर बसून रडलं, असं नको असेल तर हे आधी विचारा.

खाऊच्या बाबतीत आपली सवय आड येते. इलेक्ट्रिक केटल, इंडक्शन, छोटा कुकर, इस्त्री यांतलं काहीही जहाजावर चालत नाही. बॅग तपासणीत काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. गरम पाणी बुफेच्या चहाच्या कोपऱ्यात मिळतं, त्यामुळे नुसत्या गरम पाण्यात होणारी उपमा-पोह्यांची पाकिटं आणि झाकणाचा स्टीलचा डबा एवढं पुरे. त्याआधी युरोपियन युनियनचा नियम लक्षात ठेवा: बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर, तूप घरीच. बाळाची दूध पावडर आणि शिशुआहार माणशी दोन किलोपर्यंत चालतो, पण कंपनीच्या सीलबंद डब्यात आणि फ्रिजशिवाय टिकणारा. घरी कुटलेलं नाचणीचं सत्व साध्या पिशवीत नेलं तर समजावून सांगत बसावं लागेल. ताजी फळंही नाहीत, केळं-नारळ-अननसासारखे मोजके अपवाद सोडून, म्हणजे मे महिन्यात हापूसची पेटी तिकडच्या नातेवाइकांना न्यायचा विचार सोडा. भाजके शेंगदाणे, खाकरे, कुरमुऱ्यांचा चिवडा मजेत न्या. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर निदान महिनाभर आधी कंपनीला लेखी कळवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला प्रत्यक्ष भेटा. ई-मेल स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलाच असतो असं नाही.

ज्याला घाटात गाडी लागते, त्याला बोटही लागू शकते, विशेषतः दोन ते बारा वर्षांच्या मुलांना. उन्हाळ्यात हा समुद्र बहुधा शांत असतो, पण मार्सेयच्या बाजूला मिस्त्राल वारा सुटला की जहाज जाणवण्याइतकं हलतं. औषध आणि त्याची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि एकदा घरी देऊन बघा. काही मुलं त्याने झोपतात, काही उलट नाचायला लागतात. तापाचं औषध, ओआरएसची दहा पाकिटं, थर्मामीटर, प्रिस्क्रिप्शनची प्रत. जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आली तर ती बहुधा नोरोव्हायरसची असते, आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही. साबणाने वीस सेकंद हात धुणं, हाच उपाय. मुलाला उलट्या झाल्या तर लपवू नका. केबिनमध्ये थांबायला सांगतील, पण डॉक्टर वेळेवर मिळतील.

बंदराच्या दिवसाचं गणित उलटं मांडा. समजा नेपल्सला जहाज आठला लागलं आणि सगळ्यांनी साडेपाचला परत चढायचं आहे. पोम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराला, स्वतः जायचं तर धक्क्यासमोरच्या म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोने गारिबाल्दी, तिथून सिर्कुमवेसुव्हियाना लोकल, पोम्पेई स्कावी स्टेशनपर्यंत पाऊण तासाच्या आत. मुलांसकट धक्का ते दरवाजा दीड तास धरा, परतीला तेवढाच, वर तासभर राखीव. पावणेनऊला उतरलात, सव्वादहाला पोचलात, तर तीनला निघायलाच हवं. हाताशी उरतात पावणेपाच तास, आणि त्यातला सावलीचा भाग अगदी थोडा. नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटं नावाची आणि दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे. अठराखालच्यांना पैसे पडत नाहीत, तरी त्यांचंही तिकीट काढावं लागतं. रस्ते मोठ्या दगडांचे आहेत, दोन दगडांमधल्या फटीत बाबागाडीचं पुढचं चाक अडकलं की ती उचलूनच न्यावी लागते. तीन वर्षांखालच्या बाळाला पाठीवरची झोळीच बरी. कंपनीच्या सहलीने गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतः गेलात तर नाही. फोन जहाजाच्या घड्याळाशी जुळतो का ते उतरताना तपासा आणि रोजच्या पत्रकावर छापलेला पोर्ट एजंटचा (बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा) नंबर फोटो काढून ठेवा. काही जहाजं पासपोर्ट जमा करून घेतात, म्हणून खिशात प्रत हवीच.

जहाजाने किनारा सोडला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. युरोपचं ई-सिम समुद्रात चालत नाही आणि जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कवरचं रोमिंग महिन्याच्या वाणसामानाएवढं बिल करतं. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, २०,००० एमएएचची चालते. आपले दोन बारीक पिनांचे चार्जर युरोपियन सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांचे नाही.

चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावर देऊन टाकतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून पाठीवरच्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, मुलांचे पोहायचे कपडे, एक जादा जोड, डायपर. त्याच दिवशी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव. तेव्हा मुलांच्या मनगटावर त्या जमायच्या जागेचा (स्टेशनचा) क्रमांक लिहिलेला पट्टा बांधून घ्या आणि लहान मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहे का ते बघा, नसेल तर तेव्हाच मागा. शेवटच्या रात्री उलटा प्रकार: बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या, त्या रात्रीतच खाली जातात. त्याआधी सकाळचे कपडे आणि मुलांचे बूट बाजूला काढा. नाहीतर सकाळी धक्क्यावर उतरताना पोरं नाइट ड्रेसमध्ये आणि अनवाणी असतील.