सशाचा ट्रे आणि ससा स्वच्छ कसा ठेवावा

ससा पाळलेल्या घरात वास येत असेल, तर तो बहुतेक वेळा सशाचा नसतो. ससा दिवसभरात कितीतरी वेळा अंग चाटून स्वच्छ करतो आणि त्याच्या गोल, कोरड्या लेंड्यांना जवळपास वासच नसतो. वास असतो तो साचलेल्या लघवीचा. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि तो नाकाला झोंबतो. आपल्याला तो येता-जाता जाणवतो, पण सशाचं नाक दिवसभर जमिनीलगत असतं, म्हणून त्याचे डोळे आणि श्वसनमार्ग आधी बिघडतात. तेव्हा सगळी खटपट एवढ्यासाठीच करायची: लघवी एका जागी, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये पडावी, खालच्या आंथरणात मुरावी आणि वेळेवर बाहेर जावी.

ट्रे निवडताना

बाजारात सशांसाठी म्हणून मिळणारे तिकोनी, कोपऱ्यात बसणारे ट्रे टाळलेलेच बरे. त्यात ससा जेमतेम बसतो, वळायला जागा नसते आणि लघवी काठावरून बाहेर जाते. मांजरासाठी मिळणारा मोठा ट्रे किंवा साधा प्लास्टिकचा खोलगट डबा जास्त उपयोगी पडतो. दोनेक किलोच्या सशाला साधारण 40 बाय 50 सेंटीमीटरचा ट्रे पुरतो. आत पूर्ण वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून बसता आलं पाहिजे, हे खरं माप. आत शिरायची बाजू 8 ते 10 सेंटीमीटर उंच पुरे, मागच्या भिंती मात्र 20 ते 25 सेंटीमीटर हव्यात. लघवी करताना ससा कोपऱ्यात मागे सरकतो आणि शेपटी उचलतो. भिंत बुटकी असली की धार थेट बाहेर. म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या सशासाठी पुढची बाजू आणखी खाली कापून घ्या आणि कापलेली कड घासून गुळगुळीत करा.

आंथरण कोणतं

कागदाच्या लगद्याच्या गोळ्या किंवा भट्टीत वाळवलेल्या लाकडी भुशाच्या दाबलेल्या गोळ्या, हे दोन पर्याय उत्तम. लाकडी गोळ्या ओल्या झाल्या की फुगून त्यांचा भुसा होतो. त्यामुळे कुठं ओलं झालंय ते नुसतं बघून कळतं आणि तेवढंच काढता येतं. थर अडीच-तीन सेंटीमीटरचा पुरतो. जाड थराने वास कमी होत नाही, उकरायला मात्र जास्त माल मिळतो.

मांजरांसाठीची गुठळी होणारी माती सशाला अजिबात नको. ससा ट्रेमध्ये बसून खातो, तोंडात काही ना काही जातंच, आणि ही माती पोटात फुगून आतडं तुंबवू शकते. सशाला उलटी करता येत नाही, म्हणून गिळलेलं परत बाहेर येत नाही. पाइन आणि सीडरचा कच्चा, सुगंधी भुसाही टाळा. त्यातून सुटणारी फिनॉलयुक्त वाफ यकृतावर ताण आणते. भट्टीत वाळवलेल्या गोळ्यांमधली ही वाफ बरीचशी आधीच निघून गेलेली असते.

मांडणी: गवताशिवाय ट्रे अपुरा

सशाची एक खोड कामाला येते: तो खाता खाता लेंड्या टाकतो. म्हणून ट्रेच्या एका टोकाला वाळक्या गवताचा मोठा मूठभर ढीग ठेवा, किंवा ट्रेवर झुकलेली गवताची जाळी अशी लावा की गवत खायला ससा ट्रेमध्येच बसेल. गवत दुसऱ्या खोलीत आणि ट्रे भलतीकडे, अशी मांडणी असेल तर महिनोन्महिने शिकवूनही उपयोग होत नाही. गवत लघवीच्या कोपऱ्याच्या विरुद्ध टोकाला ठेवा, म्हणजे ते कमी भिजेल. थोडं वाया जाणारच, ते गृहीत धरा आणि दिवसातून दोनदा ताजं घाला.

उकरणारा ससा असेल तर आंथरणावर प्लास्टिकची जाळी बसवा. भोकं इतकी लहान हवीत की नख अडकणार नाही, आणि लेंड्या मात्र खाली पडतील. तारेची जाळी नको. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त लव असते. तारेवर किंवा ओल्या आंथरणावर सतत बसल्यास तिथे जखमा होतात आणि त्या भरायला वेळ लागतो.

सवय लावणे

नसबंदी झालेला ससा पटकन शिकतो. न झालेला, मग नर असो वा मादी, हद्द आखण्यासाठी लघवी उडवत फिरतो, आणि त्यावर कोणतीही शिकवणी चालत नाही. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात सशांवर काम केलेल्या पशुवैद्याकडून ही शस्त्रक्रिया करून घ्या. माद्यांना पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण बरंच असतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा केवळ सफाईचा प्रश्न नाही. शस्त्रक्रियेनंतर जुन्या सवयी सुटायला काही आठवडे जातात.

मग असं करा. आधी सशाला छोट्या, कुंपण घातलेल्या जागेत ठेवा आणि तो कुठल्या कोपऱ्यात लघवी करतो ते बघा. ट्रे तिथेच ठेवा. आपल्याला सोयीचा कोपरा आणि सशाला पटलेला कोपरा एक नसेल, तर सशाचा निर्णय अंतिम. बाहेर पडलेल्या लेंड्या आणि लघवीने भिजलेला कागद उचलून ट्रेमध्येच टाका, म्हणजे वासाने जागा कळेल. ट्रेच्या बाहेरची जागा मात्र पूर्ण धुऊन काढा. काही दिवस चांगले गेले की जागा थोडी वाढवा. गडबड झाली की पुन्हा कमी करा. मोठ्या खोलीत एकापेक्षा जास्त ट्रे लागतात, आणि दोन ससे असतील तर ट्रे मोठा घ्या, कारण ते शेजारी शेजारी बसून खातात.

रागावणं, लघवीत त्याचं नाक घासणं, पकडून ट्रेमध्ये बसवणं याने ससा फक्त आपल्याला घाबरायला शिकतो. थोड्या सुट्या लेंड्या मात्र आयुष्यभर सापडत राहतील. कोरड्या असतात, झाडूने गोळा करा आणि विषय सोडा.

सफाईचं वेळापत्रक

रोज सकाळी ओला कोपरा छोट्या खुरप्याने उचला, तेवढंच नवं आंथरण घाला आणि भिजलेलं गवत काढा. एवढं पाच मिनिटांत होतं. कागदाचं आंथरण दर दोन-तीन दिवसांनी, लाकडी गोळ्या चार-पाच दिवसांनी पूर्ण बदला. दमट हवेत याहून लवकर.

आठवड्यातून एकदा ट्रे नीट धुवायचा. नुसत्या साबणाने तळाशी बसलेला पांढरट थर निघत नाही. ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. त्या क्षारांची खपली प्लास्टिकला चिकटते आणि लघवीचा वास तिच्यातच मुरतो.

1. ट्रे रिकामा करा. जुन्या आंथरणाची कोरडी मूठभर बाजूला ठेवा.
2. समान प्रमाणात पांढरं व्हिनेगर आणि पाणी मिसळून तळाला ओता. खपली जाड असेल तर व्हिनेगर न पातळ करता घ्या. ते बुडबुडे काढायला लागतं, म्हणजे क्षार विरघळतायत.
3. उभ्या भिंतींवर व्हिनेगर टिकत नाही, तिथे भिजवलेले कागदी टिशू चिकटवा.
4. वीस-तीस मिनिटांनी प्लास्टिकच्या खरवडणीने किंवा जुन्या ब्रशने काढा. धातूची वस्तू वापरली तर ओरखडे पडतात, आणि पुढची खपली त्या ओरखड्यांत अडकते.
5. भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, नवं आंथरण भरा आणि बाजूला ठेवलेली मूठभर त्यात मिसळा.

शेवटची पायरी गाळू नका. ट्रेला अजिबातच वास उरला नाही की काही ससे त्याला ओळखतच नाहीत आणि शेजारच्या गालिच्यावर जातात.

व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. फिनाईलसारखी उग्र जंतुनाशकंही ट्रेमध्ये नकोत. आणि संगमरवरी फरशीवर लघवी पडली असेल तर व्हिनेगर दूर ठेवा, आम्लाने दगडाची चमक कायमची जाते. तिथे आणि गालिच्यावर आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग लघवीचा डाग आणि वास काढणारं एन्झाइमयुक्त द्रावण वापरा.

आता ससा

सशाला अंघोळ घालू नका. दाट लव आतपर्यंत भिजली की वाळायला फार वेळ लागतो, अंग गारठतं, आणि भीतीनेच त्याची प्रकृती बिघडू शकते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश पुरतो. केस गळायचा काळ असेल तेव्हा रोज, नाहीतर गिळलेले केस पोट मंदावण्यात भर घालतात.

मागची बाजू मात्र रोज बघा. शेपटीखाली चिकट, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या अडकलेल्या असतील, तर त्या ससा पुन्हा खातो त्या पोषक लेंड्या आहेत आणि त्या तो खात नाहीये. कारणं ठराविक असतात: दाणेदार खाद्य जास्त, गवत कमी, फळं आणि गोड खाऊ जास्त, लठ्ठपणा, किंवा पाठ वाकवता न येणं. आहारात गवत वाढवलं की बहुतेक वेळा हे थांबतं.

घाण वाळली असेल तर ओढू नका. सशाची कातडी पातळ असते, फाटते. थोडी असेल तर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून बोटांनी मोकळी करा आणि विंचरून काढा. टॅल्कम पावडर नको, ती नाकात जाते. जास्त असेल तर तीन-चार सेंटीमीटर कोमट पाण्यात फक्त मागचा भाग बुडवा आणि टॉवेलने शेवटच्या केसापर्यंत वाळवा. हे करताना मागचे पाय खालून आधार देऊन धरा. अधांतरी राहिलेला ससा जोरात लाथ मारतो आणि त्यात स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.

उन्हाळ्यात आणि दमट दिवसांत ओल्या, घाणेरड्या केसांवर माश्या अंडी घालतात. एका दिवसात अळ्या बाहेर पडून कातडीत शिरतात. अळी दिसली तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

ट्रे काय सांगतो

लेंड्या लहान झाल्या, वेड्यावाकड्या आल्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर गवत वाढवा आणि लक्ष ठेवा. दहा-बारा तास ससा काही खात नाही आणि लेंडीही टाकत नाही, तर ती आणीबाणी आहे, सकाळची वाट बघू नका. लघवीचा रंग पिवळ्यापासून नारिंगी-लालसर असा बदलतो, तो बऱ्याचदा खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे. पण लाल ठिपके वा रेषा दिसल्या, लघवी टूथपेस्टसारखी घट्ट आली, किंवा ससा कुंथू लागला, तर नमुना स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्याकडे जा. महिनोन्महिने ट्रे वापरणारा ससा अचानक बाहेर लघवी करू लागला तर आधी मूत्रमार्गाची तपासणी करून घ्या. तिथे काही निघालं नाही, तर मग ट्रेची जागा बदलली का, घरात नवीन प्राणी आला का, आंथरण दुसरं घातलं का, ते तपासा.